गिटारचा कठीण तुकडा संथ करून बसवताना लूप नेमका कुठे कापावा

गिटारच्या एखाद्या तुकड्यातले सूर कानाला उमगत नाहीत, किंवा उमगूनही बोटांना साधत नाहीत, तेव्हा तो तुकडा संगणकावर संथ करून पुन्हा पुन्हा वाजवून घेणे हा आज सर्वांत सोपा मार्ग झाला आहे. बहुतेक जण एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतात, वेग निम्मा करतात, माउसने ढोबळ अंदाजाने तुकडा निवडतात आणि तासभर त्याच्याबरोबर वाजवत बसतात. त्यातून काही ना काही साधतेच. पण तुकडा एकट्याने चोख वाजतो आणि गाण्यात मात्र बसत नाही, असा अनुभवही बऱ्याच जणांना येतो. त्याचे कारण वेगात कमी आणि लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत ठेवलेल्या त्या तुकड्याच्या, कापणीत अधिक असते, असे माझे मत आहे, आणि ते एका फजितीनंतर बनलेले आहे.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात वाजवायच्या एका हिंदी चित्रपटगीतात अंतऱ्याच्या आधी गिटारचा चार बारचा पीस होता. टेम्पो १२० चा, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांचा होता, आणि बार चार मात्रांचा; म्हणजे एक बार दोन सेकंदांचा आणि सबंध पीस आठ सेकंदांचा. त्याचा लूप करताना मी शेवटचा सूर संपतो तिथेच कापला. त्या सुरानंतर अर्ध्या मात्रेची विश्रांती होती आणि मग पुढची सम, म्हणजे पुढच्या बारची पहिली मात्रा. ती अर्धी मात्रा कानाला रिकामी वाटली, म्हणून ती कात्रीत गेली आणि लूप पावणेआठ सेकंदांचा झाला. दोन आठवडे मी तो इमानेइतबारे घोटला. गाण्यात हा पीस सलग दोनदा येत होता. तालमीत पहिल्यांदा तो बरोबर वाजला आणि दुसऱ्यांदा मी अर्धी मात्रा आधीच घुसलो, कारण बोटांना तेवढेच अंतर पाठ झाले होते. ढोलकवाल्याने वाजवणे न थांबवता मान हलवली आणि नंतर चहा पिताना एवढेच म्हटले, "सम खाल्लीस." पुढे जे सांगायचे आहे त्याचा बराचसा भाग या दोन शब्दांत आला आहे.

संथ केल्यावर सूर का उतरत नाही

कॅसेटच्या काळात टू-इन-वनचे सेल उतरले की गाणे रेंगाळायचे आणि गायिकेचा आवाजही जड व्हायचा. फीत हळू फिरली की तिच्यावरची प्रत्येक ध्वनिलहर लांबते, आणि लहर लांबली की सूर उतरतो. वेग बरोबर निम्मा झाला तर सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. वेग साधारण साडेपाच टक्क्यांनी घटला तर एक सेमीटोन, म्हणजे हार्मोनियमवरची शेजारची एक पट्टी, खाली जातो. त्याआधीच्या पिढीतले गिटारवादक मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर लावून अवघड तुकडे उतरवून घेत, तेव्हा त्यांना सप्तकभर खाली ऐकू येणारे सूर मनातल्या मनात वर चढवून घ्यावे लागत.

संगणक हे दोन्ही धागे सुटे करतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मांडलेली फेझ व्होकोडरची पद्धत असो किंवा त्यानंतरच्या इतर पद्धती असोत, त्या बहुतेकींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: आवाजाचे मिलिसेकंदांत मोजायचे बारीक बारीक काप करायचे, ते एकमेकांपासून थोडे लांब मांडायचे आणि त्यांच्या कडा एकमेकांवर अलगद चढवायच्या. कापाच्या आतली लहर तशीच राहते, म्हणून सूर हलत नाही. काप पसरतात, म्हणून वेळ वाढतो.

ही गोष्ट वादकाने समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण संथ केलेल्या आवाजातले दोष त्यातूनच येतात. गिटारच्या सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२.४ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची एकेक लहर सुमारे १२ मिलिसेकंद लांब असते. काप त्यापेक्षा फार मोठा घेतला नाही तर खर्जातले सूर थरथरतात. मोठा घेतला तर पिकने तार छेडतानाचा तो टोकदार क्षण पसरतो आणि कधीकधी एका आघाताचे दोन आघात ऐकू येतात. निम्म्याहून कमी वेगात ऐकताना एखादा सूर दोनदा छेडल्यासारखा वाटला, तर तो वादकाने तसा वाजवलाच असेल असे समजू नये. सत्तर टक्क्यांवर आणून तो पुन्हा ऐकावा.

आधी सूर जुळवावा

लूप करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचा सूर आणि आपल्या गिटारचा सूर एकच आहे का, हे पाहिले पाहिजे. रॉकमध्ये सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवण्याची पद्धत जुनी आहे. अशा ध्वनिमुद्रणात सहावी तार मोकळी वाजली की पांढरी तीनऐवजी काळी दोन ऐकू येते. जुन्या फितींवरून तयार झालेली कित्येक गाणी तर धड एका पट्टीतही नसतात. ती दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतात. अशा गाण्याबरोबर वाजवताना बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, कुठवर न्यायचा, याचा कानाला भरवसाच राहत नाही.

हे तपासण्यासाठी गाण्यातला एखादा लांब धरलेला सूर शोधावा, तेवढाच अर्धा-पाऊण सेकंदाचा भाग फिरवत ठेवावा आणि फोनमधला ट्यूनर स्पीकरजवळ धरावा. गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर इथे चालत नाही, कारण तो हवेतला आवाज ऐकत नाही. त्याला लाकडाची थरथर लागते. समजा सूर ३० सेंट वर दिसला. सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग, तेव्हा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधल्या 'चेंज पिच' या इफेक्टमध्ये सेमीटोनच्या रकान्यात उणे ०.३ लिहून सबंध गाणे एकदाच सुधारून घ्यावे आणि तीच प्रत पुढे कायम वापरावी. प्रत्येक गाण्यासाठी तारा वर-खाली करत बसण्यापेक्षा हे सोयीचे असते. अर्ध्या स्वराच्या फरकातही हाच उपाय चालतो. मोकळ्या तारांचा घुमणारा ढिला आवाज हाच त्या तुकड्याचा प्राण असेल, तर मात्र गिटारच उतरवावी. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, येथे कामाचा नाही, कारण तो सूर फक्त चढवतो.

ऑडॅसिटीत तुकडा कापणे

मी येथे ऑडॅसिटी धरून लिहीत आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅननबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी यांनी ते सुरू केले आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. मुळात ते ध्वनिमुद्रणाचे आणि संपादनाचे साधन आहे, रियाजाचे नव्हे. म्हणून त्यात दोन पावले जास्त चालावी लागतात, पण त्या बदल्यात लूपच्या कडांवर जेवढा ताबा मिळतो तेवढा तयार अ‍ॅप्समध्ये सहसा मिळत नाही.

गाण्याची फाइल आपल्याजवळ असावी लागते: स्वतःच्या सीडीवरून घेतलेली किंवा विकत घेऊन उतरवलेली. स्ट्रीमिंग सेवांच्या अ‍ॅपमध्ये साठवलेली गाणी कुलूपबंद असतात आणि ती येथे उघडत नाहीत. फाइल खिडकीत ओढून सोडली की आवाजाची निळी नक्षी दिसते. त्या नक्षीत उंच, टोकदार दिसणारे काटे बहुतेक वेळा ढोलक, ड्रम किंवा टाळीचे असतात, आणि आपल्याला सूर नव्हे तर हे काटे शोधायचे असतात.

प्रथम तुकडा जिथे सुरू होतो त्याच्या जवळपासचा दहा-बारा सेकंदांचा भाग माउसने निवडावा आणि कंट्रोल आणि ई या कळा दाबून तो पडद्यावर मोठा करावा. आता ऐकताना पायाने मात्रा धराव्यात आणि सम कोणत्या काट्यावर पडते हे ठरवावे. तुकडा समेच्या आधीच सुरू होत असेल, म्हणजे दोन-तीन सुरांची उचल घेऊन समेवर येत असेल, तर निवडीची सुरुवात त्या उचलीपासून न करता एक संपूर्ण बार आधीपासून करावी. निवडीचा शेवट शेवटच्या सुरावर करू नये, तर त्या सुरानंतर येणाऱ्या बारच्या समेवर करावा. सुरुवातीचा काटा आणि शेवटचा काटा यांच्या अगदी किंचित आधी, दोन्हीकडे सारख्याच अंतरावर, निवडीच्या कडा ठेवाव्यात, म्हणजे आघाताचे तोंड कापले जात नाही आणि लांबीही चुकत नाही. मग झेड ही कळ दाबावी. ती दोन्ही कडा लहर शून्यातून जाते अशा जवळच्या जागी सरकवते, त्यामुळे सांध्यावर 'टक्' असा आवाज येत नाही.

आता खालच्या पट्टीत निवडीची लांबी पाहावी. चार बार, सोळा मात्रा आणि १२० चा टेम्पो असेल तर तिथे आठ सेकंद दिसले पाहिजेत. सगळे वादक एकत्र बसवून सलग वाजवून घेतलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत लय जरा श्वास घेते, त्यामुळे ७.९३ सेकंद दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. ९६० ला (सोळा मात्रा गुणिले साठ सेकंद) ७.९३ ने भागले की त्या तुकड्यापुरता टेम्पो १२१ आहे एवढे कळते. परंतु ७.७५ किंवा ८.२५ दिसले, तर ती वादकांची लय नव्हे, ती आपली कात्री आहे. पाव सेकंद म्हणजे या टेम्पोत अर्धी मात्रा. हा एक आकडा मी तेव्हा पाहिला असता तर ढोलकवाल्याचे ते दोन शब्द ऐकावे लागले नसते.

लांबी बरोबर आली की ऑडॅसिटीच्या ३.१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत एल ही कळ दाबून लूप चालू करता येतो. वरच्या वेळपट्टीवर लूपचा भाग दिसतो आणि त्याच्या कडा ओढून हलवताही येतात. वेग न बदलता हा लूप निदान आठ-दहा वेळा ऐकावा आणि त्यावर टाळी देत राहावे. सांध्यावर टाळी अडखळली, की कड पुन्हा तपासावी. सूर वाजवायला अजून हातही लावायचा नाही. लूप निर्दोष आहे हे कानाला पटल्यावर कंट्रोल आणि बी या कळांनी त्या निवडीला नाव द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी ती जागा पुन्हा शोधावी लागत नाही.

संथ करण्यासाठी निवडलेल्या भागाची कंट्रोल आणि डी या कळांनी वेगळ्या ट्रॅकवर प्रत काढावी आणि मगच त्या प्रतीवर 'चेंज टेम्पो' हा इफेक्ट लावावा. मूळ गाण्याच्या मधल्या भागावरच तो लावला तर पुढचे सगळे गाणे सरकते. या इफेक्टच्या खिडकीत टक्केवारी बदलाची असते, उरलेल्या वेगाची नव्हे. साठ टक्के वेग हवा असेल तर तिथे उणे ४० लिहावे लागते. ज्यांना हा उलटा हिशेब नको असेल त्यांनी त्याच खिडकीतल्या बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला किती मात्रा याच्या, रकान्यांत १२० पासून ७२ पर्यंत असे लिहावे. 'उच्च दर्जाचे स्ट्रेचिंग' अशा अर्थाचा चौकोन तिथेच असतो, त्यावर खूण करावी. काम थोडे सावकाश होते, पण पिकचा आघात पुष्कळच स्वच्छ राहतो. 'चेंज स्पीड' नावाचा शेजारचा इफेक्ट आणि वरच्या पट्टीतला वेगाचा सरकता दांडा हे दोन्ही सूरसुद्धा उतरवतात, म्हणजे उतरलेल्या सेलांचेच काम करतात. नवख्या माणसाची गफलत बहुधा तिथेच होते. आवृत्ती ३.४ पासून क्लिपची कड ऑल्ट कळ दाबून ओढली तरी सूर न बदलता वेग बदलतो, आणि हा बदल केव्हाही मागे घेता येतो.

आणखी एक नियम काटेकोरपणे पाळावा. सत्तर टक्क्यांची प्रत हवी असेल तर ती मूळ तुकड्यावरूनच काढावी, साठ टक्क्यांच्या प्रतीला वेग देऊन नव्हे. ताणलेला आवाज पुन्हा ताणला की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे होते.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत फायद्याची गोष्ट यापुढे आहे आणि ती फारसे कोणी करत नाही. चार बारच्या तुकड्यानंतर पाचवा बार रिकामा जोडावा, आणि तो अगदीच नि:शब्द ठेवण्याऐवजी 'जनरेट' मेनूतल्या 'ऱ्हिदम ट्रॅक'मधून त्याच टेम्पोचे चार ठोके घालावेत. साठ टक्क्यांवर टेम्पो ७२ होतो आणि एक बार ३.३३ सेकंदांचा. एवढ्या वेळात डावा हात पुन्हा पहिल्या जागेवर येतो, उजव्या हाताची पकड सैल होते, आणि मुख्य म्हणजे आपण प्रत्येक वेळी मोजून समेवर आत शिरतो. सलग फिरणाऱ्या लूपमध्ये हात आधीच्या फेरीच्या ओघात वाहत जातो. प्रत्यक्ष गाण्यात मात्र त्याला असा ओघ मिळत नाही.

यानंतर 'रिपीट' हा इफेक्ट वापरून हे पाच बार चार वेळा लिहून घ्यावेत, त्यांना लागून पासष्ट टक्क्यांचे चार, मग सत्तर, पंच्याहत्तर आणि ऐंशी टक्क्यांचे चार चार, अशी सगळी माळ एका ट्रॅकवर ओवावी. आपल्या उदाहरणात ही माळ पाच मिनिटांहून थोडी कमी भरते. ती वाजत असताना माउसला हात लावावा लागत नाही, गिटार मांडीवरून हलत नाही, आणि एका बैठकीत अशा तीन फेऱ्या सहज होतात. ही माळ फोनवर न्यायची असेल तर वेव्ह स्वरूपात निर्यात करावी. एमपी३ करताना फाइलच्या आरंभी आणि शेवटी बारीकशी शांतता जोडली जाते, आणि फोनवर तीच फाइल पुन्हा पुन्हा फिरवली की प्रत्येक फेरीला लय अडखळते.

किती संथ करावे

सरसकट पन्नास टक्क्यांपासून सुरुवात करण्याची सवय मला चुकीची वाटते. ज्या वेगात तुकडा लागोपाठ चार वेळा एकही चूक न होता वाजतो, तो आपला आरंभाचा वेग. एखाद्याला तो पंचावन्न सापडेल, एखाद्याला पंच्याऐंशी. चूक झालीच तर ती कोणत्या सुरावर झाली हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर वेग अजून जास्त आहे.

पन्नासच्या खाली जाणे मी हातासाठी टाळतो; ऐकण्यासाठी मात्र खुशाल चाळीसपर्यंत जावे. कारण असे की फार संथ लयीत हात वेगळ्याच रीतीने चालतो. १२० च्या टेम्पोत एका मात्रेचे चार सूर असतील तर प्रत्येक सुराला १२५ मिलिसेकंद मिळतात. चाळीस टक्क्यांवर तोच सूर ३१२ मिलिसेकंदांचा होतो. एवढ्या सवडीत बोट तारेपासून बोटभर वर उचलले तरी काही बिघडत नाही, पिकचा झोका लांब गेला तरी चालतो, आणि हाच ऐसपैसपणा अंगवळणी पडतो. मूळ वेगात तो मावत नाही. म्हणून संथ वाजवतानाही हालचाल तेवढीच आखूड ठेवावी जेवढी जलद वाजवताना लागणार आहे. आरसा समोर ठेवला तर हे लगेच दिसते.

वेग चढवताना पाच पाच टक्क्यांची पायरी सोयीची आहे, जरी सगळ्या पायऱ्या सारख्या उंच नसतात. साठवरून पासष्टवर जाणे म्हणजे हाताच्या दृष्टीने आठ टक्क्यांहून अधिक वाढ असते, तर नव्वदवरून पंच्याण्णववर जाणे म्हणजे साडेपाच. तरीही वरची पायरीच जड जाते, कारण तिथे बोटांची मुळी रीतच बदलावी लागते. नव्वदच्या आसपास अडकल्यास लूप आखूड करावा, म्हणजे एकच बार आणि पुढची सम एवढाच भाग घ्यावा आणि तो थेट शंभर टक्क्यांवर वाजवावा. चार बार जलद वाजत नसतात. पण एक बार आणि त्यापुढचा एक सूर बहुधा वाजतो. मग शेजारच्या बारचे तसेच, आणि नंतर दोहोंच्या सांध्याचा एक निराळा लूप. अडचण तुकड्यांत कमी आणि सांध्यांत जास्त असते. शेवटी एकशे पाच टक्क्यांवर दोन-तीन फेऱ्या केल्या की मूळ वेगात हाताला उसंत वाटू लागते.

संथ केल्यावर काय ऐकावे

सूर कोणता, हे तर ऐकायचेच असते. पण तो कोणत्या तारेवरचा आहे हे ऐकणे अधिक मोलाचे असते. पहिली तार मोकळी सोडली की जो सूर येतो तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही मिळतो. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये, म्हणजे तार आणि फ्रेट लिहून दिलेल्या लिपीत, यांपैकी कोणतीही जागा लिहिलेली असू शकते. मोकळ्या तारेचा सूर पुढचा सूर लागल्यावरही मागे घुमत राहतो. जाड तारेवर वर चढून घेतलेला तोच सूर गोलसर, काहीसा दबका येतो. साठ-सत्तर टक्क्यांवर हा फरक स्पष्ट ऐकू येतो आणि त्यावरून हाताची जागा ठरवता येते.

दुसरी गोष्ट सुरात शिरण्याची. स्लाइडमध्ये मधले फ्रेट पायऱ्यांसारखे ओझरते ऐकू येतात, बेंडमध्ये चढण गुळगुळीत असते, हॅमर-ऑनमध्ये, म्हणजे बोट तारेवर आपटून सूर काढताना, दुसऱ्या सुराला पिकचा आघातच नसतो. बेंड ही आपल्या कानाला मींडेच्या जवळची गोष्ट आहे. ती कोणत्या सुरावरून निघाली, वर पोहोचायला किती वेळ घेतला आणि वर पोहोचून थांबली की लगेच उतरली, या तिन्ही गोष्टी संथ केल्यावर वेगवेगळ्या कळतात. कानाला शंका असेल तर ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडावा. बेंडची रेघ वर वळताना चक्क डोळ्यांना दिसते.

वाद्यवृंदाच्या गर्दीत गिटार दबली असेल तर स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडून डावी आणि उजवी बाजू आळीपाळीने ऐकावी. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गिटार पुष्कळदा एकाच बाजूला ठेवलेली सापडते, आणि दुसरी बाजू बंद केली की ती एकदम समोर येते. हाय-पास फिल्टरने १५० हर्ट्झखालचा भाग कमी केला तर बेस आणि ड्रमचा गाळ बसतो. बेस गिटारचीच चाल उतरवून घ्यायची असेल तर उलट करावे, म्हणजे तुकडा 'चेंज पिच'ने बारा सेमीटोन वर न्यावा. खर्जातले पुसट सूर सप्तकभर वर आले की कान त्यांना सहज पकडतो.

इतर साधने

यूट्यूबवर वेग पाव पटीपर्यंत उतरवता येतो आणि सूर टिकतो, पण तिथला लूप सबंध व्हिडिओचा असतो; हाताची ठेवण पाहण्यासाठी ते उत्तम, घोटण्यासाठी अपुरे. व्हीएलसीमध्ये चौकोनी कंसांच्या कळांनी वेग थोडा थोडा बदलतो आणि प्रगत नियंत्रणे दाखवली की दोन बिंदूंमधला लूप करता येतो. मात्र त्याच्या सांध्यावर खाच पडते, म्हणून मी ते फक्त गाणे चाचपण्यासाठी वापरतो. पैसे खर्च करायची तयारी असेल तर 'ट्रान्स्क्राइब' आणि 'अमेझिंग स्लो डाउनर' ही खास याच कामाची सॉफ्टवेअर आहेत, आणि रोज नवे गाणे बसवणाऱ्याला ती परवडतात. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर राखून वेग बदलण्याची सोय आहे आणि लूप वाजत असतानाच वेग फिरवता येतो.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल नेहमी विचारले जाते. त्यात आवाज उशिरा पोहोचतो हे खरे, पण अ‍ॅकॉस्टिक गिटारवर नुसते साथीला वाजवताना त्याने काही बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच्याच लयीत वाजवतो. गिटारचाही आवाज संगणकातून परत येत असेल किंवा आपण स्वतःचे मुद्रण करत असू, तर मात्र वायरचाच हेडफोन घ्यावा.

असे मुद्रण आठवड्यातून एकदा तरी करावेच. लूप बाजूला ठेवून मूळ गाणे तुकड्याच्या वीस-पंचवीस सेकंद आधीपासून लावावे, गायकाची ओळ ऐकत थांबावे आणि मग आपल्या जागी आत शिरावे. हेडफोन लावून वाजवले आणि फक्त गिटार फोनवर मुद्रित केली की ती फाइल ऑडॅसिटीत मूळ ट्रॅकच्या खाली ठेवता येते. पहिल्या समेचे काटे एकाखाली एक येतील असा आपला ट्रॅक सरकवावा आणि मग तुकड्यानंतरच्या समेपाशी जाऊन दोन्ही काट्यांमधले अंतर निवडून पाहावे. ते वीस-तीस मिलिसेकंदांचे असेल तर ढोलकवाल्याच्या लक्षातही येणार नाही. माझ्या त्या तालमीत ते अडीचशे होते.